गृहबांधणीपूर्वीची तजवीज

कोकणात स्वतःचे घर बांधू इच्छिणाऱ्या गृहस्थाने कुदळ मारण्यापूर्वी सातबारा उताऱ्यावरील मालकी, इतर हक्कांतील बोजे, सरकारी मोजणीने ठरलेल्या हद्दी आणि वहिवाटीचा रस्ता यांची खातरजमा करून घ्यावी. कारण दस्तऐवजातील उणीव भिंती उभ्या राहिल्यावर दुरुस्त होणे दुष्कर असते. रीतसर परवानगीवाचून काम आरंभू नये. जेथे वर्षाकाठी 2,500 मिलिमीटरांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पर्जन्यवृष्टी होते, तेथे दिवाळीनंतर पाया घालून मृगापूर्वी छप्पर चढेल असा कालक्रम आखावा, नैर्ऋत्येच्या झडीपासून भिंतींच्या रक्षणार्थ त्या अंगास रुंद पडवी योजावी, शौचकूप विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूस ठेवावा आणि अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चाकरिता सुमारे दशांश रक्कम राखावी.