गारद्यांचे बंड आणि साष्टीची किंमत

२४ जून २०२३ च्या सकाळी दक्षिण रशियातील रोस्तोव शहरात लष्करी मुख्यालयाभोवती रणगाडे उभे राहिले, तेव्हा ते कोणा परकीय शत्रूचे नव्हते. ज्या 'वॅग्नर' नावाच्या भाडोत्री सेनेने काही आठवड्यांपूर्वी युक्रेनमधील बाखमूत हे उद्ध्वस्त शहर रशियाच्या पदरात टाकले होते, तिचाच म्होरक्या येवगेनी प्रिगोझिन आपल्या धन्याच्या संरक्षणमंत्र्याविरुद्ध उठला होता. त्याची एक तुकडी मॉस्कोपासून सुमारे दोनशे किलोमीटरपर्यंत येऊन ठेपली. सकाळी राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनी दूरचित्रवाणीवरून हा देशद्रोह असल्याचे बजावले आणि संध्याकाळपर्यंत बेलारूसच्या लुकाशेंको यांच्या मध्यस्थीने तडजोड होऊन खटला मागे घेण्याचे ठरले. सैनिक आले तसे परत गेले. पुढे बरोबर दोन महिन्यांनी, २३ ऑगस्ट रोजी, प्रिगोझिनचे विमान मॉस्कोच्या वायव्येस त्वेर प्रांतात कोसळले आणि त्यातील दहाही जण ठार झाले.

बंड एका दिवसात आटोपले, पण त्यानंतरचा काळ अधिक बोलका आहे. प्रिगोझिनच्या सेनेशी आपला संबंध नाही असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या सरकारनेच, बंड फसल्यानंतर तीन दिवसांत, तिचा सारा खर्च सरकारी तिजोरीतून होत होता असे जाहीर केले. एका वर्षाचा आकडाही दिला : ८६ अब्ज रूबल. रशियाच्या दंडसंहितेत भाडोत्री सैनिकगिरी हा गुन्हा आहे, हे येथे ध्यानात ठेवायला हवे. बंडखोराला क्षमा करणारे राज्य बंडखोराचा पगारही आपणच देत होतो असे कबूल करते, तेव्हा गुन्हा नेमका कोणाचा, हा प्रश्न उरतोच. तो रशियात उघडपणे विचारणारे कोणी उरले नाही.

मराठी वाचकाला या कथेत अपरिचित असे फारसे काही वाटू नये. पगारी सैनिकांनी धन्याच्या वाड्यावर चाल करावी, त्यांना उठवणारा हात पडद्याआड राहावा आणि त्याचा हिशेब भलत्याच ठिकाणी चुकता व्हावा, हे महाराष्ट्राने २५० वर्षांपूर्वी अनुभवले आहे. शनिवारवाड्यातील गारद्यांच्या त्या बंडाची किंमत ज्या भूमीने मोजली, तीत आजच्या मीरा-भाईंदरची भूमी येते. घोडबंदरचा किल्ला पाहायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना चिमाजीअप्पांच्या पराक्रमाची माहिती दिली जाते व ती दिलीच पाहिजे. मराठ्यांनी जिंकलेला तो किल्ला पुढे गेला कसा, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

गारदी म्हणजे कवायती पायदळ. या शब्दाचे मूळ फ्रेंच 'गार्द', म्हणजे पहारा, या शब्दात आहे असे मानतात. दक्षिणेत फ्रेंच सेनानी बुसीने देशी शिपायांना युरोपीय पद्धतीची कवायत शिकवली, तिचा प्रभाव पाहून पेशव्यांनीही असे शिपाई चाकरीस ठेवले. त्यांत उत्तर हिंदुस्थानी होते, अरब होते, हबशी होते. मराठा सरदाराचा जीव वतनात गुंतलेला असे, गारद्याचा पगारात. मुलखाशी त्याचे नाते नव्हते आणि छत्रपतींच्या वा पेशव्यांच्या गादीशीही नव्हते. त्याचे इमान आपल्या जमादाराशी आणि महिनाअखेरच्या रकमेशी. हे इमान कमी प्रतीचे होते असे म्हणता येणार नाही. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारद्याने जे इमान राखले, ते अनेक वतनदारांना राखता आले नाही. परंतु दोनच वर्षे आधी, १७५९ साली, पुण्यात सदाशिवरावभाऊंवर खुनी हल्ला झाला तो मुजफ्फरखान नावाच्या दुसऱ्या गारदी सरदाराच्या चिथावणीने. ही व्यवस्था कोणत्या बाजूला कलेल हे माणसावर अवलंबून होते, हा इशारा पेशव्यांच्या दरबाराला वेळीच मिळाला होता. तरीही राजवाड्याचा पहारा त्याच व्यवस्थेच्या हाती राहिला.

थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे वारले आणि त्यांचा सतरा वर्षांचा भाऊ नारायणराव पेशवा झाला. त्याचे चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, वाड्यातच नजरकैदेत होते. मराठी राज्य हे एका माणसाच्या लहरीचे राज्य होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. फडणिशी होती, न्यायाधीशी होती, सरदारांची संमती लागत असे. पण १७७३ पर्यंत सारी सत्ता एका घराण्यात आणि त्या घराण्याचे सारे भांडण एका वाड्यात येऊन साठले होते. अशा ठिकाणी पहारेकऱ्यांचा पगार थकला की तो केवळ खजिन्याचा प्रश्न राहत नाही.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत भर दुपारी, सुमेरसिंग, खरकसिंग आणि मुहंमद इसफ यांचे गारदी थकलेल्या पगाराचा गलबला करीत शनिवारवाड्यात शिरले. पगाराची मागणी खोटी नव्हती, पण ती आडही होती. त्यांना राघोबादादांकडून पैशाचे आणि किल्ल्यांचे आश्वासन मिळालेले होते. पेशवा चुलत्याच्या दालनात धावला, त्यांना बिलगला आणि तेथेच मारला गेला. त्याला वाचवायला धावलेला चाफाजी टिळेकर हा सेवक, वाटेत आलेली इतर माणसे आणि एक गाय, यांचेही प्राण गेले. कटाचा सुगावा सकाळीच लागला होता आणि बंदोबस्ताचे काम हरिपंत फडक्यांकडे दिलेही होते, परंतु भोजनानंतर पाहू या विचाराने ते लांबले, असे इतिहासकार सांगतात. राज्ये बुडण्याची कारणे पुष्कळदा अशी घरगुती असतात.

यापुढे लोकस्मृतीने एक मोठीच गैरसोय करून ठेवली आहे. हुकूम 'धरावे' असा होता, आनंदीबाईंनी त्याचा 'मारावे' असा केला, ही कथा घरोघर ठाऊक आहे. 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचारच होऊन बसला. या कथेला भक्कम कागदोपत्री आधार नाही. असता तरी तिने फारसे काही उलगडले नसते. पेशव्याला 'धरण्या'साठी सशस्त्र पगारी शिपाई त्याच्याच वाड्यात घुसवणे हे अक्षर न बदलताही बंडच होते. सारा दोष एका स्त्रीच्या लेखणीवर ठेवला की थकलेला पगार, कैदेतील चुलता, गाफील कारभारी आणि कटाची कुणकुण असूनही गप्प बसलेले मुत्सद्दी यांची चौकशी करण्याची गरज उरत नाही. सखारामबापूंना या कटाची कितपत कल्पना होती, हा संशय त्या काळापासून आहे.

चौकशी झाली ती रामशास्त्री प्रभुण्यांकडून, आणि तीही ज्याच्यावर संशय त्याच्याच अमलात. न्यायाधीशाने पुरावे गोळा केले, राघोबादादांना दोषी ठरवले आणि या पापाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगून पुणे सोडले. या प्रसंगाचे आपण इतके गुणगान करतो की निकालाची अंमलबजावणी त्या वेळी झाली नाही, ही गोष्ट झाकली जाते. दादासाहेबांनी पेशवाईची वस्त्रे मिळवली आणि ते मोहिमेवर निघाले. तरीसुद्धा त्या निकालाने एक काम केले : राघोबांचा अधिकार बेकायदेशीर आहे हे उघडपणे म्हटले गेले, आणि पुढे बारभाईंना ज्या पायावर उभे राहता आले तो पाया त्या वाक्याने घातला. प्रिगोझिनच्या विमानाबाबत असे वाक्य उच्चारले गेले नाही. ते विमान ब्राझीलमध्ये बनलेले होते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चौकशी तूर्त करणार नसल्याचे रशियाने ब्राझीलच्या तपासयंत्रणेला कळवले. ऑक्टोबरमध्ये खुद्द पुतिन यांनी मृतांच्या देहात हातबाँबचे तुकडे सापडल्याचे सांगितले. ज्याच्याविरुद्ध बंड झाले त्यानेच मृत्यूचे कारण सांगावे आणि ते पडताळण्याचा अधिकार कोणाला नसावा, अशी ही अखेर आहे.

भाडोत्री शिपाई राजवाडा काबीज करू शकतो, पण राज्य करू शकत नाही. त्याला एक मालक लागतो, आणि ज्याने एकदा त्याच्याकरवी खून करवला तो मालक त्याला जन्मभर भितो. राघोबादादांना गारद्यांना शिक्षा करता येईना, कारण त्यांच्या जबानीत स्वतःचे नाव निघाले असते. आणि जवळ ठेवणेही सुखाचे नव्हते. बारभाईंनी १७७४ च्या आरंभी नारायणरावाची गर्भवती विधवा गंगाबाई हिला पुरंदरवर नेले, एप्रिलमध्ये सवाई माधवरावाचा जन्म झाला आणि दादासाहेबांचे पाठीराखे गळू लागले. बंडाचे म्होरके पांगले. मुहंमद इसफ पकडला जाऊन मारला गेला. खरकसिंग आणि तुळाजी पवार हैदरअलीच्या आश्रयास गेले. त्याने त्यांना पुण्याच्या स्वाधीन केले आणि त्यांचे हाल करून प्राण घेण्यात आले. सुमेरसिंग परागंदा अवस्थेत मेला. ज्यांनी तलवार चालवली त्यांचा हिशेब असा पुरा झाला. ज्याने ती चालवायला लावली तो मात्र जिवंत होता आणि नवा आश्रय शोधीत होता.

तो आश्रय मुंबईत टपून बसलेला होता. थॉमस मॉस्टिन हा इंग्रजांचा वकील १७७२ पासून पुण्यात होता आणि साष्टी व वसई मिळवणे हे त्याच्यावर सोपवलेले मुख्य काम होते. खून झाला तेव्हाही तो पुण्यातच होता. मुंबई बेटाला धान्य, लाकूड आणि बंदराची सुरक्षितता हवी होती. त्यासाठी ठाण्यापासून घोडबंदरपर्यंतची, वसईच्या खाडीला टेकलेली साष्टी हाती असणे आवश्यक होते. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत १७३७ साली साष्टी पोर्तुगीजांकडून घेतली गेली. उत्तनजवळच्या धारावी किल्ल्यासाठी पुन्हा पुन्हा झुंज झाली आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. हजारो माणसे त्या मोहिमेत खर्ची पडली. तेव्हापासून जेमतेम पस्तीस वर्षे लोटली होती. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येत असल्याची वार्ता १७७४ च्या अखेरीस आली. ते निमित्त पुढे करून इंग्रजांनी डिसेंबरात ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. नव्या वर्षाच्या आरंभी सारी साष्टी त्यांच्या ताब्यात होती.

मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी सुरतेचा तह करून, इंग्रजी पलटणींच्या मोबदल्यात, साष्टी आणि वसई लिहून दिली. काकाने जिंकलेला मुलूख पुतण्याने दिला. गारद्यांवर विसंबून मिळवलेली गादी गारद्यांकडून टिकेना, म्हणून अधिक शिस्तीचे, अधिक महागडे भाडोत्री सैन्य त्यांनी पत्करले. फरक एवढाच की गारद्यांनी पैसे आणि किल्ले मागितले होते, इंग्रजांनी बेटे आणि बंदरे मागितली. आणि गारद्यांच्या मागे कंपनी नव्हती.

कलकत्त्याच्या कौन्सिलला मुंबईकरांचा हा परस्पर केलेला तह पसंत पडला नाही व तो रद्द ठरला, पण साष्टी परत झाली नाही. १७७६ च्या पुरंदरच्या तहात ती इंग्रजांकडेच राहिली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौज कोंडीत सापडली, तेव्हा साष्टी परत करण्याचे त्यांनी लिहून दिले आणि सुटका झाल्यावर तो करार धुडकावला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने मराठ्यांना वसई परत मिळाली, साष्टी गेली ती गेलीच. महादजी आणि नाना यांच्यासारखी माणसे असूनही, रणांगणावर वरचढ ठरूनही, एका दुपारचे ते नुकसान भरून निघाले नाही.

सालबाईपासून पुढची सुमारे पस्तीस वर्षे वसईची खाडी ही सरहद्द होती. पलीकडे वसईच्या तटावर पेशव्यांचे निशाण, अलीकडे घोडबंदरच्या टेकडीवर कंपनीचे. आज भाईंदर सोडून नायगावकडे जाणारी लोकल ती सरहद्द काही मिनिटांत ओलांडते. त्या गाडीत उभ्याने प्रवास करणाऱ्या कारकुनांना आणि शिक्षकांना खिडकीतून दिसते ती खाडी आणि मधले पाणजू बेट. कोणत्याही फलकावर १७८२ हे साल दिसत नाही.

ती सरहद्द पुसली जाण्यास जो तह कारण झाला, तो वसईतच झाला. गादीवरून पळून आलेल्या पेशव्याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी कंपनीची तैनाती फौज कायमची पत्करली. हा पेशवा दुसरा बाजीराव, राघोबादादांचा मुलगा. सुरतेच्या तहावर वडिलांनी सही केली, तेव्हा तो दोन महिन्यांचा होता.