उलट जाताना क्रमही उलटा

रुग्णाचा ताप १०४ अंश फॅरनहाइट आहे. सेल्सिअसमध्ये तो किती? या प्रश्नाचे उत्तर एखाद्या वहीत २५.८ असे येऊ शकते. हा तर साध्या खोलीतील हवेचा आकडा झाला! आकडेमोडीत चूक नसतानाही असे उत्तर का येते, ते पाहू.

सेल्सिअसवरून फॅरनहाइट काढण्याचा नियम असा :

फ = (९/५)स + ३२

म्हणजे ‘स’ला आधी ९/५ ने गुणायचे आणि मग ३२ मिळवायचे. हे रेषीय फल आहे. आपल्याला ‘फ’वरून ‘स’कडे परत यायचे असल्याने त्याचे व्यस्त फल हवे. विद्यार्थी गुणाकाराऐवजी भागाकार आणि बेरजेऐवजी वजाबाकी करतो, हे योग्यच. पण क्रम मात्र मूळचाच ठेवतो. १०४ ला ९/५ ने भागून ५७.८, त्यातून ३२ वजा करून २५.८. वास्तविक शेवटी केलेली क्रिया सर्वांत आधी उलटवायला हवी. १०४ − ३२ = ७२ आणि ७२ × ५/९ = ४०. म्हणून,

स = (५/९)(फ − ३२)

उत्तरापासून मागे येण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. आर्यभटाच्या ‘आर्यभटीया’त (इ. स. ४९९) ती सूत्ररूपाने आहे, तर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) ती व्यस्तविधी म्हणून येते. तेथे वर्गाच्या उलट वर्गमूळही घेतले आहे.

आता सर्वसाधारण रूप पाहू. य = अक्ष + ब असेल, तर क्ष = (य − ब)/अ. येथे ‘अ’ शून्य असून चालणार नाही. तसे झाले तर प्रत्येक ‘क्ष’ला ‘ब’ हेच उत्तर मिळेल आणि आपण कोठून निघालो, हे त्यावरून सांगता येणार नाही.

‘व्यस्त’ या शब्दानेही घोटाळा होतो. १०४ चा गुणाकार व्यस्त १/१०४ आहे. व्यस्त फलाने मिळणारी संख्या ४० आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसेच व्यस्त फल काढताना क्ष आणि य यांची अदलाबदल करण्याची प्रथा आहे. दोन्ही आलेख त्याच अक्षांवर काढायचे असतील, तर ती सोयीची ठरते; मग ते य = क्ष या रेषेत एकमेकांची प्रतिबिंबे दिसतात. तापमानाच्या उदाहरणात मात्र अक्षरे बदलू नयेत. ‘स’ म्हणजे सेल्सिअसच राहिले पाहिजे.

उत्तराचा ताळा सोपा आहे : ते मूळ नियमात घालून पाहावे. ४० वरून १०४ परत मिळतात, २५.८ वरून सुमारे ७८.४ मिळतात.

वर्गात शेवटी एक प्रश्न जरूर विचारा : कोणत्या तापमानाला दोन्ही मापांत एकच आकडा येतो? फ = स ठेवल्यास उत्तर −४० मिळते. फलाचा आणि व्यस्त फलाचा आलेख य = क्ष या रेषेवर जेथे भेटतात, तो हाच बिंदू!