तालोस्सा, इंट्लो, घरात

सुट्टीचा अर्ज घेऊन बॉसच्या केबिनमध्ये गेले तेव्हा त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं, "वा! युरोप? पॅरिस की स्वित्झर्लंड?" म्हटलं, "नाही सर, ताम्पेरे." त्यांच्या चेहऱ्यावर मोठ्ठं प्रश्नचिन्ह. मग मीच खुलासा केला, "नोकियाच्या शेजारचं गाव." सरांना वाटलं मी थट्टा करतेय. पण खरंच, नोकिया हे फिनलंडमधल्या एका गावाचं नाव आहे. तुमच्या-माझ्या पहिल्या मोबाइलवर जे नाव छापलेलं होतं, ते त्या गावाचंच. आणि तिथून पंधराएक किलोमीटरवरच्या ताम्पेरे शहरात माझे नातेवाईक राहतात.

नातेवाईक म्हणजे किती लांबचे, ऐका. माझ्या आजोबांच्या चुलत भावाचा मुलगा, त्याची बायको ती माझी पेद्दम्मा. तिचा मुलगा माझा अन्ना, आणि त्याची बायको माझी वदिना. लग्नपत्रिका पोचवण्यापुरतं नातं. पण आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात या नात्यावर माणसं हक्काने महिनाभर मुक्काम ठोकतात, मी तर दोनच आठवडे मागत होते! शिवाय पेद्दम्माही तेव्हा तिथेच होती, नातीला भेटायला तीन महिन्यांसाठी आलेली.

आता कबुलीजबाब. मला भाषांचं वेड आहे. पुण्यात ऑफिसला जाता-येता लोक कानात गाणी घालतात, मी फिनिशचे धडे घालायचे. का? त्याचं उत्तर सोलापुरात आहे. घरात तेलुगू, शाळेत मराठी, भिंतीपलीकडच्या काकूंचं कन्नड, चौकातल्या दुकानात दख्खनी. 1877 मध्ये आमच्या गावात पहिली कापडगिरणी, म्हणजे जुनी मिल, सुरू झाली. त्या काळापासून तेलंगणातले पद्मशाली विणकर इथे येत राहिले, त्यातलेच आमचे पणजोबा. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये, आणि आम्ही मित्रमैत्रिणी एकमेकांना विचारणार, "काय करूलालीस बे?" अशा गावात वाढलेल्या मुलीला एका भाषेवर समाधान मानणं जमत नाही, इतकंच.

आणि तरीही तेलुगू लिपी मला वाचता येत नाही. हे वाक्य इथेच ठेवते, पुढे लागणार आहे.

हेलसिंकी विमानतळावर पहिली पाटी दिसली ती 'तुल्ली'. म्हणजे कस्टम्स. घ्यायला आलेला अन्ना म्हणाला, "हा शब्द नीट म्हण हं. तुली म्हणजे आग, तूली म्हणजे वारा आणि तुल्ली म्हणजे कस्टम्स." अमेरिकन माणसाला हे शिकायला सहा महिने लागत असतील. मला सहा सेकंद लागली. अम्मा, अन्ना, अक्का म्हणत वाढलेल्या कानाला जोडाक्षराचं ओझं कसलं?

हेलसिंकीत रस्त्याच्या पाट्या दोन भाषांत असतात, फिनिश आणि स्वीडिश. स्वीडिश मातृभाषा असलेले लोक देशात साधारण पाच टक्के, पण भाषा राष्ट्रीय दर्जाची. गंमत म्हणजे या दोन भाषांचं एकमेकींशी काहीही नातं नाही. स्वीडिश ही आपल्या मराठीची दूरची बहीण, इंडो-युरोपीय घराण्यातली. नावाला ते 'नाम्न' म्हणतात, दाताला 'तांद', उंदराला 'मूस', नाकाला 'नॅसा'. नाम, दंत, मूषक, नासिका! फिनिश मात्र वेगळ्याच, उरालिक कुळातली. तिचं सख्खं नातं एस्टोनियनशी, लांबचं हंगेरियनशी. म्हणजे रस्त्याची पाटी बघायची तर वरच्या ओळीत परकी बाई आणि खालच्या ओळीत आपली नातेवाईक.

पण घडलं उलटंच. ओळखीची वाटली ती परकी बाई!

बघा ना. फिनिशमध्ये घराला 'तालो' म्हणतात. 'तालोस्सा' म्हणजे घरात, 'तालोस्ता' घरातून, 'तालोन' घराच्या आत. इंग्रजीसारखी शब्दाच्या पुढे अव्ययं नाहीत, सगळं शेपटाला. अशा पंधरा विभक्त्या. पुस्तकं लिहिणारे गोरे लोक हा आकडा भुताची गोष्ट सांगावी तसा सांगतात. आपण घर, घरात, घरातून म्हणतोच की. तेलुगूत इल्लू, इंट्लो, इंट्लोनुंची. शेजारच्या काकूंच्या कन्नडमध्ये मनी, मन्याग. पुढची गंमत: 'जंगलात' म्हणायचं तर मात्र 'मेत्सॅस्सॅ', कारण प्रत्ययाचा स्वर शब्दातल्या स्वराशी जुळवून घेतो. आमच्या तेलुगूत 'मला' म्हणजे 'नाकु' पण 'घरी' म्हणजे 'इंटिकी'. 'कु'चा 'की' होतो तो आधीच्या 'इ'च्या संगतीने. अगदी तसंच नाही, पण स्वभाव तोच.

'माझ्याकडे गाडी आहे' हे फिनिश माणूस 'मिनुल्ला ओन आउतो' असं म्हणतो, म्हणजे शब्दशः माझ्यापाशी आहे गाडी. 'हॅव' नावाचं क्रियापद त्यांच्याकडेही नाही. 'प्लीज'ला रोजच्या वापरातला शब्द नाही. (आपल्याकडे तरी कुठे आहे? 'कृपया' फक्त पाट्यांवर असतं.) आणि माझं सगळ्यात लाडकं म्हणजे त्यांचा नकार. एन तुले, एत तुले, एइ तुले, एइवॅत तुले. मी येत नाही, तू येत नाहीस, तो येत नाही, ते येत नाहीत. 'नाही'ला चालवणारी माणसं! इंग्रजीला हे सुचलेलं नाही.

अर्थात हे सगळं बघून भाळणारी मी पहिली नाही. तिरुनेलवेलीकडे मिशनरी असलेल्या रॉबर्ट कॉल्डवेल यांनी 1856 मध्ये द्राविडी भाषांचं तौलनिक व्याकरण लिहिलं, त्यात या भाषांची सोयरीक फिनिशच्या गोतावळ्याशी जुळवून पाहिली होती. आजचे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ते मान्य करत नाहीत. शब्दाला प्रत्यय चिकटवणाऱ्या भाषा जगात पुष्कळ आहेत, तेवढ्यावरून नातं ठरत नाही. तरी योगायोग पाहा, सिंधू लिपीच्या मागे आयुष्य घालवणारे आणि ती भाषा द्राविडी असावी असं मांडणारे प्राध्यापक आस्को पारपोला हेलसिंकी विद्यापीठाचेच. मुद्रांवरचा मासा म्हणजे 'मीन', आणि जुन्या द्राविडीत मीन म्हणजे ताराही, म्हणून तो मासा तारा असू शकेल, हा त्यांनी उचलून धरलेला गाजलेला तर्क. आमच्या कन्नड काकू मासळीला मीनु म्हणतात, त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग त्यात नवीन काय?"

रक्ताचं नातं नसलं तरी उसनवारी मात्र झालेली आहे. हजारो वर्षांपूर्वी फिनिशचे पूर्वज इंडो-इराणी बोलणाऱ्यांचे शेजारी होते. तेव्हा वाटीभर साखर मागावी तसे शब्द नेले, ते अजून परत केलेले नाहीत. शंभराला फिनिशमध्ये 'साता' म्हणतात, आपलं शत. हातोडा 'वासारा', आपलं वज्र. मधमाशी 'मेहिलॅइनेन', तिच्यात संस्कृत मक्षिका म्हणजे आपली माशीच बसलेली आहे.

ताम्पेरेला उतरले आणि मला क्षणभर कळेना की मी कुठे आलेय. दोन तलाव, मधून धावणारा प्रवाह, त्याच्या काठाला लाल विटांच्या गिरण्या आणि आभाळात उभी धुरांडी. हे तर थंडगार सोलापूर! दोन तलावांच्या पातळीत 18 मीटरचा फरक, त्या पाण्याच्या जोरावर 1820 मध्ये जेम्स फिन्लेसन नावाच्या स्कॉटिश माणसाने इथे कारखाना काढला, पुढे ती प्रचंड कापडगिरणी झाली. 1882 मध्ये याच गिरणीच्या विणकाम खात्यात विजेचे दिवे लागले. लोक शहराला 'मान्से' म्हणतात, मँचेस्टरवरून. ओळखीचं वाटतंय ना? गिरणीतलं कापड 1990 च्या दशकात थांबलं. आता विणकाम खात्यात मल्टिप्लेक्स आहे, बाजूला बिअर गाळणारं रेस्टॉरंट, वरच्या मजल्यांवर तुमच्या-माझ्यासारखे लॅपटॉपवाले. आमच्या गिरण्यांच्या धुरांड्यांचं काय झालं ते सोलापूरकरांना सांगायला नको.

बोलीसुद्धा तशीच रांगडी. सगळा फिनलंड 'मोई' म्हणतो, ताम्पेरेकर 'मोरो'! माझ्या कानाला त्यात थेट 'काय बे' ऐकू आलं. सिटी बसला इथे 'नुस्से' म्हणतात. 'न्युत से तुले', म्हणजे 'आता ती येतेय', त्याचं बोलता बोलता झालेलं गाठोडं. आता ते बस सेवेचं अधिकृत नावच आहे.

(सॉनाबद्दल विचाराल म्हणून एकच ओळ: पिस्पाला भागात 1906 पासून चालू असलेला राजापोर्ती सॉना आहे. बायका-पुरुष वेगळे. आणि सोलापूरच्या मे महिन्यात वाढलेली पेद्दम्मा आत बसून म्हणाली, "यात विशेष काय?")

आता घरातली गोष्ट. अन्नाची मुलगी सात वर्षांची. शाळेत फिनिश, घरी आईबाबांशी इंग्रजी, कारण अन्ना सोलापूरचा आणि वदिना चेन्नईत वाढलेली, दोघांचं तेलुगू एकमेकांत अडकतं. मुलीला तेलुगू येतं ते जेवण, झोप आणि अंघोळ इतकंच. इथल्या शाळांत परदेशी घरांतल्या मुलांना आपली मातृभाषा शिकायची सोय असते, पण त्यासाठी पुरेशी मुलं जमावी लागतात. तेलुगूची अजून जमलेली नव्हती. पेद्दम्माला तेलुगू येतं आणि सोलापुरी मराठी. त्यामुळे आजी-नात दिवसभर एकमेकींकडे बघून हसायच्या. पहिले दोन दिवस मला ते गोड वाटलं. तिसऱ्या दिवशी पेद्दम्मा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "ती माझ्याशी हसते, ते पाहुण्याशी हसतात तसं."

मी म्हटलं, मी आहे ना दुभाषी! भाषाप्रेमी म्हणवून घेते, आता दाखवतेच. आणि तिथे माझी फजिती झाली. पेद्दम्मा सांगत होती लहानपणची गोष्ट, आईच्या शेजारी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची त्याची. मी फिनिशमध्ये अर्धंमुर्धं सांगू शकत होते, पण पेद्दम्माचं तेलुगूच मला निम्मं कळत नव्हतं. माझी अव्वा माझ्याशी आयुष्यभर तेलुगूत बोलली आणि मी आयुष्यभर तिला मराठीत उत्तरं दिली. ती गेली तेव्हा मी पुण्यात कुठल्याशा फ्रेंच क्लासला जात होते.

फिनिशचीही एकेकाळी हीच गत होती. 1809 पर्यंत स्वीडनचं राज्य, मग 1917 पर्यंत रशियन झारचं. शिकलेला माणूस स्वीडिश बोलणार, फिनिश म्हणजे शेतावरची आणि गोठ्यातली. एलियास लोन्रोट नावाच्या डॉक्टरने खेडोपाडी हिंडून म्हाताऱ्यांकडून गाणी गोळा केली, त्यातून 1835 मध्ये 'कालेवाला' आलं. 1863 मध्ये झारने हुकूम काढला की वीस वर्षांच्या आत कारभारात फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीने जागा द्यावी. हे सगळं मला पाठ होतं. अव्वाच्या ओव्या मात्र मी एकही लिहून घेतली नाही.

शेवटच्या रविवारी आम्ही फिन्लेसनच्या आवारातल्या कामगार संग्रहालयात गेलो. 'वेर्स्तास' त्याचं नाव. आम्हा तिघींना जुन्या मागापाशी सोडून अन्ना आणि वदिना कॉफी घ्यायला गेले. (फिनिश माणूस दिवसाला किती कॉफी पितो हा वेगळ्या लेखाचा विषय.) पेद्दम्मा मागासमोर उभी राहिली आणि तिचा चेहराच बदलला. लग्नानंतर वीस वर्षं तिने घरच्या पॉवरलूमवर काढली होती. तिने मागाकडे बोट दाखवलं, "मग्गम." मग उभे धागे, "पडुगु." आडवा धागा, "पेका." नातीने पाटी वाचली आणि उभ्या धाग्यांना हात न लावता म्हणाली, "लोइमी." मग आडव्याला, "कुदे." दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ताणा. बाणा."

मग नातीने काचेच्या पेटीतल्या होडीसारख्या लाकडी तुकड्याकडे बोट केलं, "सुक्कुला!" पेद्दम्मा म्हणाली, "नाडे." मी म्हटलं, "धोटा." मुलीने तिन्ही शब्द एका दमात म्हणून पाहिले, सुक्कुला-नाडे-धोटा, आणि खो खो हसत सुटली. पेद्दम्माने हवेतल्या हवेत धोटा फेकून दाखवला, खटाक्-खटाक् असा तोंडाने आवाज काढत. मुलीने पलीकडून तो झेलला आणि परत फेकला. हे किती वेळ चाललं असेल? अन्ना कॉफी घेऊन आला तेव्हाही चालूच होतं, आणि त्यात दुभाष्याची काही गरज नव्हती.

बाहेर आलो. संध्याकाळ झालेली आणि तरी लख्ख ऊन, जूनमधलं. स्टॉपवर लांबून बस दिसली. मुलगी ओरडली, "नुस्से!" पेद्दम्माने विचारलं, म्हणजे काय? मी फोड करून सांगितली. ती म्हणाली, "हां. इप्पुडु वस्तुंदि." मुलगी तेच बसमध्ये चढेपर्यंत म्हणत राहिली.

परत आल्यावर मी पहिली ऑर्डर केली ती तेलुगू मुळाक्षरांच्या अंकलिपीची, लहान मुलांची, चित्रांची असते ती. ऑफिसात ड्रॉवरमध्ये ठेवलीय, लंच ब्रेकमध्ये गिरवते. दर रविवारी दुपारी ताम्पेरेहून व्हिडिओ कॉल येतो. पेद्दम्मा आता सोलापुरात आहे, तीही जोडली जाते. गेल्या रविवारी त्या सात वर्षांच्या पोरीने मला कॅमेऱ्यासमोर वही धरायला लावली, माझं 'क' बघितलं आणि म्हणाली, "अत्ता, वरची टोपी विसरलीस."