बांधाआडचे घर आणि पुराचे गणित

वागळे इस्टेटपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत गेल्या साठ वर्षांत कारखाने आले, पाठोपाठ कामगार आले आणि घरांसाठी जमीन अपुरी पडू लागली. वागळे इस्टेट येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. तेथील पाणी नाल्यांतून खाडीकडे उतरते. वस्ती मात्र पायथ्याशी थांबली नाही. ती उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या व खाडीच्या काठच्या सखल जमिनीवरही उतरली. बांध घातला, भराव टाकला की ही जमीन निर्धोक होते का, ते आपण पाहू.

नदीला खरे तर दोन पात्रे असतात. एक वर्षभर दिसते. दुसरे, म्हणजे पूरमैदान, फक्त पुराच्या वेळी भरते. पूरमैदान आठ-दहा वर्षे कोरडे राहिले की ते नदीचे आहे याचाच आपल्याला विसर पडतो.

कल्याणच्या परिसरात उल्हास नदीची खाडी होते, म्हणजे येथे पाणी दोन्हीकडून येते: वरून पावसाचे, खालून भरतीचे. ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी हे ओळखून खारजमिनींभोवती मातीचे बांध घातले आणि त्यांत ‘उघाडी’ ठेवल्या. उघाडीची झडप बाहेरच्या बाजूस उघडते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते, तर भरतीला खाडीच्या दाबाने मिटते. भरतीच्या वेळीच जोराचा पाऊस पडला, तर आतले पाणी आतच तुंबते. भात काही तास पाण्यात उभे राहू शकते. तळमजल्यावरचे घर राहू शकत नाही. बांध तोच, पाणीही तेच, पण खाचराच्या जागी घर आले की नुकसान कितीतरी पटींनी वाढते.

हे पाणी किती असते? एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर पाणी जमते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे हेक्टरी सुमारे ९४ लाख लिटर! पूर्वी यातील काही पाणी मातीत मुरे, काही खाचरांत थांबे. काँक्रीटवर ते थांबत नाही. शिवाय भराव पाणी नाहीसे करत नाही, केवळ त्याची जागा बदलतो. नव्या इमारतीची जोती उंच झाली की पाणी शेजारच्या जुन्या चाळीत शिरते.

बांधाचा आणखी एक धोका आहे. तो लहान पूर अडवतो, त्यामुळे विश्वास वाढतो आणि त्याच्या आड वस्ती दाटते. मग एखाद्या मोठ्या पुराने बांध ओलांडला किंवा फोडला, तर हानी प्रचंड होते. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले.

आपल्या राज्यात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते, दोहोंच्या मध्ये निर्बंध असतात. पण ‘१०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ ‘आता शंभर वर्षे निश्चिंत’ असा नव्हे. दर वर्षी तो पूर येण्याची शक्यता १ टक्का असते. घर ५० वर्षे टिकले, तर त्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता १ − (०.९९)^५०, म्हणजे जवळजवळ ४० टक्के ठरते. निळ्या रेषेसाठी हाच आकडा ८७ टक्के येतो. आयुष्यभराची बचत घालून घर घेणाऱ्याने मजला आणि दर यांच्याआधी हा आकडा विचारायला हवा.

वर्गासाठी उपक्रम: उथळ ट्रेमध्ये ओल्या मातीची नदी करा. एका काठावर विटा मांडा आणि दोन्ही वेळा तेवढेच पाणी ओतून समोरच्या काठावरील पातळी मोजा. नंतर आपल्या परिसरातील जुन्या रहिवाशांना २००५ साली पाणी कुठवर आले होते ते विचारून नकाशावर खुणा करा. त्या खुणा जोडल्या की नदीचे दुसरे पात्र विद्यार्थ्यांना स्वतःच दिसेल.