भाडेपट्टा आणि खरेदीचा राखीव हक्क

मालकी एकाची आणि वहिवाट दुसऱ्याची, ही स्थिती वऱ्हाडाला नवी नाही; कारण ज्या वऱ्हाडात आपली चिखली वसली आहे, तो अवघा प्रांतच १९०२ साली निजामाने इंग्रज सरकारला सालिना पंचवीस लक्ष रुपयांच्या खंडावर कायमच्या पट्ट्याने लावून दिला होता. निजामाचे स्वामित्व कागदावर राहिले, कारभार मात्र इंग्रजांच्याच हाती राहिला. मालकी आणि ताबा यांची अशी फारकत झाली म्हणजे उभय पक्षांचे हित कराराच्या शब्दांवरच अवलंबून राहते, हे घर घेऊ पाहणाऱ्या सामान्य गृहस्थानेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातून चिखलीत बिऱ्हाड थाटणाऱ्या शेतकऱ्याची मिळकत सोयाबीन-कपाशीच्या हंगामावर असते. दरमहाच्या पगाराचा दाखला त्याच्यापाशी नसल्यामुळे गृहकर्ज मिळणे दुरापास्त होते, आणि रक्कम साठेपर्यंत घरांचे भाव वाढलेले असतात. अशा माणसाच्या उपयोगी पडणारी एक व्यवस्था आहे : घर आज भाड्याने घ्यावयाचे, आणि ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या किमतीस ते विकत घेण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवावयाचा.

समजा, घराची किंमत वीस लाख ठरली, हक्कापोटी एक लाख रुपये दिले, आणि ती रक्कम व आठ हजारांच्या मासिक भाड्यापैकी तीन हजार किमतीत वजा धरण्याचे ठरले. तर तीन वर्षांत भाड्यातून १,०८,००० रुपये वळते होतील आणि खरेदीखताच्या वेळी १७,९२,००० रुपये द्यावे लागतील. दरम्यान भाव चढले तर लाभ भाडेकरूचा. उतरले तर तो खरेदी न करता बाजूला होऊ शकतो, मात्र हक्कापोटी दिलेली रक्कम सामान्यतः बुडते. येथेच साठेखताशी असलेला भेद स्पष्ट होतो : साठेखताने विकणारा व घेणारा दोघेही बांधले जातात, तर राखीव हक्काने केवळ मालक बांधला जातो. तोही मोबदला दिलेला असेल तरच. कारण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मोबदल्याविना दिलेला प्रस्ताव स्वीकारापूर्वी केव्हाही मागे घेता येतो. शिवाय, स्थावराच्या साध्या सौद्यात विलंब झाल्यास न्यायालय सहसा काही सवलत देते. राखीव हक्काची मुदत व अटी मात्र काटेकोरपणे पाळाव्या लागतात, म्हणून खरेदीचा इरादा मुदतीच्या आत लेखी कळवून त्याची पोच जपून ठेवणे अगत्याचे आहे.

पुनर्विक्रीचा विचार अधिक सावधपणे केला पाहिजे. मुदतीत भाव वाढला म्हणजे आपला हक्क नफा घेऊन तिसऱ्या इसमास देण्याचा मोह होतो, आणि करारात मनाई नसेल तर तसे करताही येते. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे विक्रीच्या कराराने मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, म्हणून असा माणूस घर विकत नसून केवळ करारातला हक्क विकत असतो. घेणाऱ्याने मूळ मालकाची दस्तावर संमती घ्यावी. मुखत्यारपत्र आणि ताबा यांवर भिस्त ठेवून मालकी मिळते ही समजूत तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निःसंदिग्धपणे खोडून काढली आहे. नोंदणीकृत खरेदीखतावाचून मालकी नाही.

नोंदणी व मुद्रांक यांत केलेली काटकसर पुढे महाग पडते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक केले असून ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. ताब्यासह केलेल्या विक्रीकरारास खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क लागते. आणि रत्नागिरी जिल्ह्यातील खेडच्या एका प्रकरणात, घेणारा आधीपासूनच भाडेकरू म्हणून घरात राहत असतानाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली हेच शुल्क लागू धरले. सप्टेंबर २००१ पासून, नोंदणी नसलेल्या कराराच्या आधारे ताब्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ चे संरक्षणही मिळत नाही. मालकाने शब्द फिरवला तर करारपूर्तीचा दावा, पूर्तीसाठी ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरली नसेल तर नकार कळल्यापासून, तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो.

म्हणून बयाणा देण्यापूर्वी आखीव पत्रिका किंवा नमुना आठ पाहावा, दुय्यम निबंधकाच्या दप्तरातील मागील व्यवहारांचा शोध घ्यावा, आणि घरावर बँकेचा बोजा आहे काय याची खातरजमा करावी. कारण मालकाचे हप्ते थकले तर आपले भाडे वेळेवर भरूनही घर जप्तीत जाऊ शकते. किंमत, मुदत, वळते होणारे भाडे, दुरुस्तीचा व घरपट्टीचा भार, वारसांवरील बंधन आणि हक्क पुढे देण्याची मुभा या साऱ्या गोष्टी दस्तात स्वच्छ शब्दांत याव्यात. ही व्यवस्था तुटपुंज्या पुंजीच्या माणसाला घराचा मार्ग खरोखर मोकळा करते. पण चिखलीच्या सज्जन गृहस्थांना कळकळीची विनंती अशी की, मालक कितीही परिचयाचा असला तरी वकिलाकडून दस्त वाचवून घेतल्यावाचून आणि त्याची नोंदणी झाल्यावाचून आयुष्याची कमाई कोणाच्याही हाती देऊ नये.