मेथीच्या मुळाशी काय दडलंय?

आळेफाट्यावर पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याण-अहिल्यानगर रस्ता एकमेकांना छेदतात. तिथल्या बाजारात लिलावाच्या दिवशी कांद्याच्या पिशव्यांच्या थप्प्या मान वर करून बघाव्या लागतात. पुण्याच्या दिशेनं थोडं गेलं की नारायणगाव, तिथं टोमॅटोचे वीस-वीस किलोचे क्रेट. आणि फाट्याला लागूनच आळे गाव. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले असं सांगतात, त्या रेड्याची समाधी इथंच आहे.

आता मला सांगा, चहूकडे एवढी शेती असलेल्या या भागातल्या मुलांनाही संध्याकाळी आई हाक मारते, "जा रे, एक कोथिंबिरीची जुडी घेऊन ये!" असं का बरं?

कारण शेताची गरज वेगळी आणि चुलीची वेगळी. शेतकरी एकर-दोन एकरांत एकच पीक घेतो. औषध, पाणी, मजूर, टेम्पो, सगळं त्या एका पिकाच्या बेतानं ठरतं. स्वयंपाकघराला मात्र सगळंच हवं, पण चिमूट-चिमूट. चार मिरच्या, मूठभर कोथिंबीर, कढीपत्त्याची एक काडी. वीस किलोचा क्रेट घेऊन आई काय करणार?

आणि त्या जुडीचे आपण पैसे देतो ते नेमके कशाचे? थोडे भाजीचे, हे तर खरंच. पण उपटायची मजुरी, जुड्या बांधणं, टेम्पोचं भाडं, हमाली आणि वाटेत सडून गेलेला मालही त्यातच आला. पालेभाजी फार लवकर मान टाकते. पालकाच्या शंभर ग्रॅम पानांत नव्वद ग्रॅमहून जास्त पाणीच असतं. पानावर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. पान खुडलं तरी पाण्याची वाफ या छिद्रांतून बाहेर पडतच राहते, आणि मुळांकडून नवं पाणी येणं मात्र बंद झालेलं असतं. शिवाय खुडलेलं पान श्वासही घेत असतं आणि साठवलेली साखर संपवत असतं. म्हणून बाजारवाले सारखं पाणी शिंपडतात. कुंडीतली कोथिंबीर मात्र मुळांसकट जिवंत, ताजी उभी असते. हवी तेवढी खुडा, बाकीची उद्यासाठी तिथंच.

भावाची गंमत तर तुम्ही ऐकली असेलच. 2023 च्या उन्हाळ्यात टोमॅटो इतके स्वस्त झाले, की राज्यात काही शेतकऱ्यांनी ते रस्त्यावर ओतून दिले. आणि त्याच वर्षी जुलैत टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला! रोप लावल्यापासून फळ हाती यायला दोन-अडीच महिने लागतात. भाव पडला की लोक लागवड कमी करतात, आणि त्याचा परिणाम बाजारात दिसतो तो काही महिन्यांनी. त्यात पाऊस लांबला, रोग पडला, की भाव आणखी चढतो. अशा वेळी दारात टोमॅटोची चार झाडं असलेल्या घराला निदान आमटीपुरते टोमॅटो विकत घ्यावे लागत नाहीत.

म्हणून परसबाग करायची तर आधी काय लावायचं नाही, ते ठरवा. माझं स्पष्ट मत आहे, कांदा-बटाटा लावू नका. त्यांना जागा फार लागते आणि ते टिकतात. आपल्याकडचे शेतकरी उन्हाळी कांदा बराखीत, म्हणजे कांदाचाळीत, महिनोन्‌महिने ठेवतात. जे टिकत नाही आणि थोडं-थोडं लागतं, ते दारात हवं. कोथिंबीर, मेथी, पालक, मिरची, कढीपत्ता, गवती चहा, कुंपणावर वालाचा वेल. मोरीचं सांडपाणी जिथं जातं तिथं आपल्याकडे पूर्वीपासून अळू, केळ, कर्दळ लावतात, तीही जागा वाया घालवू नका.

सुरुवात मेथीनं करा. बियाण्याचा खर्च स्वयंपाकघराच्या डब्यातली एक चमचा मेथी, बस्स. रात्रभर भिजत घाला, सकाळी फुटक्या बादलीत किंवा तळाला भोकं पाडलेल्या तेलाच्या डब्यात पेरा. तीन-चार दिवसांत अंकुर वर येतात आणि साधारण महिन्याभरात भाजी होते.

आता खरी गंमत. महिन्याभरानं एक रोप हलक्या हातानं मुळासकट उपटा. हिसका देऊन ओढू नका, आधी माती ओली करा. मग मुळं पाण्याच्या भांड्यात बुडवून हळूहळू हलवा. माती निघून गेली की मुळांवर मोहरीहूनही बारीक गाठी दिसतील. काही रोपांवर त्या नसतीलही, मग दुसरं रोप बघा. बाजारातून आणलेल्या, मुळं असलेल्या जुडीवरही शोधता येतात. सापडली एखादी? नखानं चिरा आणि भिंगातून पाहा. आतून ती गुलाबी आहे!

हा गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या लाल रंगाच्या नात्यातला आहे. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, मेथीच्या गाठीत लेगहिमोग्लोबिन. दोन्हींत लोह असतं आणि दोन्ही ऑक्सिजन धरून ठेवतात. मेथीला ते कशाला हवं? त्या गाठीत ऱ्हायझोबियम गटातले जिवाणू राहतात. हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन आहे, पण झाडांना तो तसाच घेता येत नाही. हे जिवाणू त्याचं झाडाला चालेल असं खत बनवतात, आणि त्या बदल्यात झाड त्यांना साखर देतं. पण ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीनं हे काम चालतं, त्याला मोकळा ऑक्सिजन सोसत नाही. तो आवरून धरायचं काम हा गुलाबी पदार्थ करतो. गाठ आतून हिरवट किंवा तपकिरी निघाली तर समजा, तिचं काम थांबलंय. म्हणून भाजीसाठी मेथी उपटू नका, वरून कापा. पुन्हा फुटते, आणि गाठी मातीतच राहिल्यानं पुढच्या रोपांना थोडं खत फुकट मिळतं.

कोथिंबिरीचीही एक खुबी आहे. एक धणा म्हणजे एक बी नव्हे, त्यात दोन बिया असतात. म्हणून पेरण्याआधी धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाका करायच्या. धीर धरा, उगवायला आठ-दहा दिवस लागतात.

आळ्याच्या उत्तरेला, डोंगरापलीकडे अकोले तालुका आहे. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी वाल, घेवडा, भात अशा कितीतरी देशी वाणांचं बी जपलं आणि घरोघरी परसबाग करायला बायकांना शिकवलं. त्यांना 2020 चा पद्मश्री मिळाला. घरचं बी धरलं की दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागत नाही. संकरित टोमॅटोच्या बियांपासून मात्र तसंच झाड येईल याची खात्री नसते.

संकटात मोठमोठ्या शहरांनीही अशीच दारात भाजी लावली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये अन्न कमी पडू लागलं, तेव्हा लंडनच्या टॉवर या किल्ल्याच्या खंदकात लोकांनी भाजीचे वाफे केले होते. शिवनेरी किल्ल्याच्या मुलखातल्या मुलांना याचं विशेष वाटेल!

आता हिशेब. समजा जुडी 15 रुपयांना आहे आणि घरात आठवड्याला दोन जुड्या लागतात. वर्षाचे 1,560 रुपये झाले. निम्मी भाजी घरची निघाली तर 780 रुपये वाचले. पण महागड्या कुंड्या आणि पिशवीतली माती विकत आणलीत तर ते पैसे तिथंच जातील. डाळ, तेल, गहू दुकानातूनच आणावे लागणार, तेव्हा घरखर्च निम्मा होईल अशी आशा नको. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी झाडांना घाला. साबणाचं पाणी मात्र कुंडीतल्या पालेभाजीला नको.

एक वही करा. कोणत्या तारखेला काय पेरलं, काय खुडलं, त्या दिवशी बाजारात भाव काय होता, सगळं लिहा. आणि मेथीची पहिली गाठ चिराल तेव्हा तिचा रंग त्याच पानावर रंगवून ठेवा.