वडापावच्या गाडीवरचा बोलका डबा

‘तीस रुपये प्राप्त झाले.’ वडापावच्या गाडीवर हा आवाज आला की विक्रेता मान वर न करता पुढचा पाव कापतो. गिऱ्हाइकाने मोबाइल नाकासमोर धरून ‘गेले बघा’ म्हणायची गरज उरलेली नाही.

त्या डब्यात स्पीकर, बॅटरी आणि सिमकार्ड असते. गिऱ्हाइकाने क्यूआर कोड स्कॅन केला की दुकानदाराचा यूपीआय पत्ता अ‍ॅपला कळतो. पिन टाकल्यावर एका बँकेतून पैसे वजा होऊन दुसरीत जमा होतात. मधला निरोप्या म्हणजे मुंबईत मुख्यालय असलेले राष्ट्रीय देयक महामंडळ, अर्थात एनपीसीआय. व्यवहार पूर्ण झाला की सेवा देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर थेट डब्याला संदेश धाडतो. दुकानदाराचा फोन घरी राहिला तरी बिघडत नाही.

खरी गंमत इथेच आहे. पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून फसवणारे काही कमी नाहीत, पण डबा स्क्रीनशॉट बघून बोलत नाही.

यूपीआय सुरू झाले २०१६ मध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याचे व्यवहार प्रथमच २,००० कोटींवर गेले. साध्या फोनवाल्यांसाठी २०२२ पासून ‘यूपीआय १२३पे’ आहे. त्याला इंटरनेट लागत नाही.

डबा मात्र बहुधा फुकट नसतो, दरमहा भाडे पडते. शिवाय नेटवर्क रेंगाळले की तो गप्प बसतो आणि गिऱ्हाईक ताटकळते. अशा वेळी बँकेचा एसएमएस किंवा अ‍ॅपमधली नोंद पाहावी. आणि पैसे घेताना पिन कधीच लागत नाही; कोणी मागितला तर फोन ठेवून द्यावा.